शेडमधले अठरा डिग्री

"तुम्ही एकदाही इथे येऊन पाहिलं नाहीत. खुर्चीत बसून कागद पाठवता, आणि त्या कागदांच्या आड एका म्हाताऱ्या माणसाला कोंडून ठेवता. लिही."

उदयने डोक्यावर दाबून धरलेल्या फोमच्या तक्त्यात शेवटचा स्क्रू बसवला आणि ड्रिल खाली घेतलं. पांढरा भुगा त्याच्या भुवयांवर, मिशीवर, स्वेटरच्या गळ्यावर बसला होता. खाली, गाडीतून काढून भिंतीशी ठेवलेल्या सीटवर त्याची मुलगी चैत्राली मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. कावासाकीहून ती तीन दिवसांच्या सुट्टीवर आली होती आणि त्यातला दुसरा दिवस या सीटवर चालला होता.

"लिहिलंस?"

"बाबा, पत्राची सुरुवात अशी नाही करत."

"मग कशी करतात?"

"आधी थंडीबद्दल लिहायचं. मग सगळ्यांच्या तब्येती चांगल्या असतील अशी आशा. मग नेहमीच्या सहकार्याबद्दल आभार."

"कुठलं सहकार्य?"

"कुठलंच नाही. तरी लिहायचं."

उदय शिडीवरून उतरला. अठ्ठावन्न वर्षांच्या गुडघ्यांनी प्रत्येक पायरीला आपलं मत दिलं.

"मग थंडीबद्दलच लिही. म्हणावं, जानेवारी आहे, बाहेर दोन डिग्री आहे, आणि माझ्या शेडमध्ये वीस. येऊन बघा म्हणावं."

पत्र जायचं होतं एका होमला. उदयच्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर वृद्धांसाठीची ती तीनमजली इमारत होती, आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या मार्चपासून सुगिउरा-सान राहत होते. वय ब्याऐंशी. त्याआधी ते उदयच्या शेजारी राहत. शेडच्या मधोमध उभी असलेली पिवळी गाडी त्यांची होती.

गाडी एकाहत्तर सालची. दोन दारं, गोल दिवे, मागे उतरत गेलेलं छप्पर. अकरा वर्षांपूर्वी नागोयाच्या कडेला, भातखाचरांना लागून असलेल्या या घरात उदय राहायला आला, त्या पहिल्याच शनिवारी कुंपणापलीकडून पत्र्यावर हातोडी मारल्याचा आवाज यायला लागला. दुसऱ्या कोणी खिडकी लावून घेतली असती. उदय चपला अडकवून तडक पलीकडे गेला, न विचारता गॅरेजमध्ये शिरला आणि तिथे पडलेला टॉर्च उचलून त्या अनोळखी माणसाच्या हातांवर उजेड धरून उभा राहिला. पुण्यात हे चालतं. जपानमध्ये असं कोणी करत नाही. सुगिउरा-साननी हातोडी थांबवून टॉर्चकडे पाहिलं. मग म्हणाले, "जरा वर."

त्या 'जरा वर'वर अकरा वर्षं निघाली. उदय नोकरीत पंपांची डिझाइनं करायचा, म्हणजे दिवसभर स्क्रीनकडे बघायचा. पाना धरायला त्याला सुगिउरा-साननी शिकवलं. सुगिउरा-साननी एका कारखान्यात एक्केचाळीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. तयार गाडी समोर आली की तिच्यावरून हात फिरवायचा आणि काय चुकलंय ते कागदावर मांडायचं, एवढंच काम. तो हात खोटं बोलत नसे. तीन वर्षांपूर्वी इंजिन उतरवायची वेळ आली तेव्हा त्यांचं गॅरेज अपुरं पडलं, आणि गल्लीतल्या सहा जणांनी ढकलत ढकलत गाडी उदयच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणली. तेव्हापासून शनिवार इकडे. सुगिउरा-सान स्टुलावर, उदय गाडीखाली.

मग गेल्या मार्चमध्ये ते आपल्या घरातल्या न्हाणीच्या उंबऱ्यावर पडले. खुबा मोडला. मुलगा साप्पोरोला. त्याने फोनवर सगळं व्यवस्थित ठरवलं आणि शेजारचं घर बंद झालं.

उदयने इंजिन एकट्याने भरलं. डिसेंबरात ते तयार झालं. राहिली होती फक्त चावी फिरवायची. ती सुगिउरा-सान फिरवणार, असं कोणी कधी बोललं नव्हतं. पण ते ठरलेलं होतं. उदयने होमला फोन करून सांगितलं की तो त्यांना एका तासासाठी न्यायला येतोय, आणि चार दिवसांनी होमच्या नावाचा पहिला कागद आला. हिवाळ्यात बाहेर न्यायचं असेल तर ती जागा अठरा डिग्रीच्या खाली असता कामा नये.

नियम वाजवी होता. उदयला त्याचा राग आला नाही. उलट हुरूप आला. इंजिनिअर माणसाला आकडा दिला की तो सुखी होतो. त्याने रॉकेलची शेगडी पेटवली, थर्मामीटरचा फोटो काढला आणि पाठवून दिला.

दुसरा कागद आला. आता त्याच्यावर रकाने होते. क्रमांक, मुद्दा, उपाय, मुदत, उत्तर. मुद्दा दोन: उघडी ज्योत चालणार नाही. मुद्दा तीन: जमिनीलगत पंधरा डिग्री हवेत. मुद्दा चार: हवा बाहेर फेकणारा पंखा हवा, तोही छताजवळ नको, जमिनीपासून वीस सेंटिमीटरवर.

उदयने शेगडी बाहेर काढली. पत्र्याच्या आतून फोमचे तक्ते लावायला घेतले. मोठा एअर कंडिशनर बसवला. काँक्रीट बर्फासारखं गार होतं म्हणून गाडीच्या दोन्ही बाजूंना फोम आणि वर प्लायवूड टाकलं, आणि तरी पायाखाली पंधरा होईनात तेव्हा बैठकीच्या खोलीतला विजेचा गरम गालिचा गुंडाळून शेडमध्ये नेला. तो गालिचा त्याच्या बायकोचा, सिंधूचा होता. सकाळी ती आपल्या नेहमीच्या जागी बसली आणि ताडकन उठली.

"माझा गालिचा कुठाय?"

"चार दिवसांसाठी नेलाय."

"गाडीला संधिवात झालाय का?"

एवढंच म्हणून ती गप्प बसली, पण त्या आठवड्यात तिने नेमका एअर कंडिशनर चालू असतानाच राइस कुकर, ओव्हन आणि हेअर ड्रायर एकदम लावला. घराचा ब्रेकर पडला. शेड बारा डिग्रीवर आली. विजेचा भार वाढवून घ्यायला आणखी दहा दिवस गेले.

उदयने दर मुद्द्यापुढे 'उत्तर'च्या रकान्यात केलं ते लिहिलं, तारीख घातली, भिंतींचे फोटो जोडले. तिसरा कागद आला, मुद्दा पाच ते आठ. दाराशी कठडा, आग विझवायचं नळकांडं, विषारी वायूचा अलार्म, पेट्रोलचा डबा शेडबाहेर लोखंडी पेटीत. तेही केलं. आणि काल चौथा कागद आला.

काल त्याचं डोकं फिरलं. एवढं झाल्यावर कोणाचंही फिरलं असतं. गाडी तयार, शेड तयार, माणूस पंधरा मिनिटांवर, आणि मध्ये हा कागदवाला कारभार, जो एक गोष्ट केली की दुसरी काढतो. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाकडे किती हिवाळे असतात? हा प्रश्न त्याने चैत्रालीला लिहायला सांगितला होता. तिने तो लिहिला नव्हता.

दार सरकलं आणि सिंधू चहाचा ट्रे घेऊन आत आली. तिने दार लगेच मागे लावून घेतलं, कारण उघडं राहिलं की नवरा ओरडतो हे तिला पाठ होतं.

"पत्र झालं का?"

"थंडीपर्यंत आलंय," चैत्राली म्हणाली.

"काय आलंय तरी या वेळी?" सिंधूने बेंचवरचा कागद उचलला. सिंधूला बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या, दुकानात काम करण्यापुरतं जपानी येत होतं, पण लिहिलेलं फार वाचता येत नसे. तिने तो मुलीपुढे धरला. "वाच गं."

चैत्राली वाचू लागली. "मुद्दा नऊ. ड्रिलची वायर जमिनीवरून नको, वरून आणावी. पाय अडकतो. मुद्दा दहा. बेंचवरचा दिवा उजवीकडून डावीकडे घ्यावा. सध्या हाताची सावली कामावर पडते. अकरा. काम करणाऱ्याचं स्टूल आठ सेंटिमीटरने उंच करावं. बारा. बेंचखाली..."

"थांब." सिंधूने ट्रे बॉनेटवर ठेवायला हात पुढे केला, उदयने तो हवेतच पकडून बेंचवर ठेवला. "अकरा परत वाच."

"काम करणाऱ्याचं स्टूल आठ सेंटिमीटरने उंच करावं."

"काम करणारा कोण?"

"मी," उदय म्हणाला.

"मग पाहुण्याला आणायचं तर तुमचं स्टूल कशाला उंच करायचं? तुमची पाठ दुखते हे त्या होमच्या बाईंना कोणी सांगितलं?"

"नियमात असेल त्यांच्या."

"तुमची पाठ त्यांच्या नियमात आहे?" सिंधूने चहाचा कप त्याच्या हातात दिला. "आणि दिवा उजवीकडे आहे हे कसं कळलं? फोटो तुम्ही भिंतींचे पाठवलेत. आता तर तुम्हीच म्हणालात, एकदाही येऊन पाहिलं नाही."

उदय चहा प्यायला. कप रिकामा होईपर्यंत तो बेंचवरच्या दिव्याकडे बघत होता. मग त्याने स्वेटर झटकला.

"पत्र राहू दे," तो चैत्रालीला म्हणाला. "चल. तोंडावर विचारू."

"बाबा, अपॉइंटमेंट घ्यावी लागते."

"मी न बोलावता जातो. माझी ख्याती आहे."

सिंधूने स्वयंपाकघरातून मिकानची, म्हणजे छोट्या संत्र्यांची, पेटी आणून रोजच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली. जपानमध्ये बावीस वर्षं काढल्यावर रिकाम्या हाताने कुठे जायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलं होतं.

"भांडायच्या आधी द्या," ती काचेतून म्हणाली. "नंतर दिलेलं बरं दिसत नाही."

होमच्या दाराशी त्यांना बूट काढायला लावले, सपाता दिल्या, मास्क दिले आणि कपाळासमोर यंत्र धरून दोघांचं तापमान मोजलं. उदयचं सदतीसला टेकलं होतं. काउंटरवरची मुलगी जरा घुटमळली.

"ते रागाचं आहे," चैत्राली तिला जपानीत म्हणाली. "उतरेल."

व्यवस्थापक बाई लगबगीने बाहेर आल्या. त्यांचं नाव निवा-सान. पंचेचाळिशीच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, एका पायात सपात आणि दुसऱ्या पायात नुसताच मोजा, म्हणजे कामातून उठून आल्या होत्या. प्रत्येक कागदाखाली त्यांचीच सही होती. उदयने दोन्ही हातांनी मिकानची पेटी पुढे केली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, वाकल्या, तोही वाकला. आणि सरळ होता होताच त्याने सुरुवात केली.

उदयचं जपानी कारखान्यातलं होतं. मशीनवरच्या माणसांकडून शिकलेलं, जिथे 'तो पाना दे' याला दुसरा कुठला मऊ प्रकार नसतो. चैत्राली एरवी त्याच्या वाक्यांच्या कडा घासून देत असे. आज तिला वेळच मिळाला नाही.

"तुम्ही एकदाही आला नाहीत. मी आठ गोष्टी केल्या. तुम्ही नववी काढलीत. दहावी काढलीत. मला एकच सांगा, तुम्हाला तो माणूस सोडायचा आहे की नाही?"

निवा-साननी पेटी खाली ठेवली. त्यांना राग आलेला दिसला नाही. मुलाच्या शाळेतून तक्रार आल्यावर आईचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"आत या," त्या म्हणाल्या.

ऑफिसमध्ये त्यांनी एक फाइल काढली आणि टेबलावर उदयकडे फिरवून ठेवली.

"पहिला कागद आमचा आहे. अठरा डिग्री हा आमच्याकडचा नियम. बाकीचे..."

फाइलमध्ये पेन्सिलने लिहिलेले कागद होते. पट्टीने आखलेले रकाने. क्रमांक, मुद्दा, उपाय, मुदत, उत्तर. अक्षर बारीक, काटकोनी, ओळीच्या बाहेर एक फराटा नाही. ते अक्षर उदयने अकरा वर्षं नट-बोल्टच्या डब्यांवर पाहिलं होतं.

"आम्ही फक्त टाइप करतो," निवा-सान म्हणाल्या. "आणि सही माझी. चुकलंच माझं. पण त्यांनी फार विनंती केली. म्हणाले, उदय-सान माझं ऐकत नाहीत. कागदाचं ऐकतात."

"मी त्यांचं ऐकत नाही?" उदयचा आवाज चढला. "अकरा वर्षं ऐकतोय."

"शेगडीबद्दल त्यांनी तीनदा सांगितलं होतं, असं म्हणाले."

"एकदाही नाही. मला आठवेल ना."

निवा-साननी आठवून पाहिलं. "एकदा ते तुम्हाला म्हणाले होते, की आज दार उघडं ठेवलं तर पक्षी ऐकू येतील."

चैत्रालीने डोळे मिटून घेतले. "बाबा."

"काय?"

"तेच सांगणं होतं."

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला तो शनिवार उदयला चांगला आठवत होता. शेगडी पेटलेली होती. तिच्यापासून दोन हातांवर तो थाळीत पेट्रोल घेऊन कार्ब्युरेटरचे सुटे भाग धूत होता. सुगिउरा-सान स्टुलावर बसून दाराकडे बघत पक्ष्यांचं काहीतरी बोलले. आणि तो म्हणाला होता, नको, तुम्हाला थंडी वाजेल. उठून त्याने दार घट्ट लावलं होतं, खालच्या फटीत पोतं कोंबलं होतं. त्या दिवशी आपण म्हाताऱ्या माणसाची किती काळजी घेतली याचं त्याला बरं वाटलं होतं. रात्री जेवताना त्याने ते सिंधूला सांगितलंही होतं.

त्याने डोक्यावरची लोकरी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. तिच्यातून फोमचा भुगा ऑफिसच्या स्वच्छ टेबलावर पडला. तो बोटाने गोळा करू लागला.

"असू दे," निवा-सान म्हणाल्या.

"पण मग ते का येत नाहीत?" त्याचा आवाज आता खाली आला होता. "अठरा डिग्री तर कधीचे झाले. तुमचं दुसरं काही नसेल तर मी त्यांना आजच नेतो."

"डॉक्टरांची संमती लागते. डॉक्टर दर सोमवारी येतात. राहणाऱ्याने स्वतः मागायची असते, आम्ही नाही मागत. तब्येत तशी ठीक आहे त्यांची. डॉक्टर नाही म्हणणार नाहीत बहुतेक." त्या थांबल्या. "पाच सोमवार झाले. त्यांनी विचारलेलं नाही."

"का?"

निवा-साननी मान जराशी तिरकी केली. जपानमध्ये त्याचा अर्थ असा, की मला माहीत आहे पण मी सांगणं योग्य नाही. हे मात्र उदयला कळलं.

दुसऱ्या मजल्यावरची खोली गरम होती, बाहेरच्या जिन्यापेक्षा बरीच गरम. सुगिउरा-सान चाकाच्या खुर्चीत, खिडकीशी, टेबलावर वाकून बसले होते. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात पट्टी. पुढ्यात शेडचा नकाशा होता, आठवणीतून काढलेला, मापांसकट. गाडी मधोमध पिवळ्या पेन्सिलने रंगवलेली. बेंचपाशी एक छोटा माणूस होता, पाठ वाकवून बसलेला, आणि त्याच्या पाठीपासून एक बाण निघून समासात गेला होता. तिथे आठचा आकडा होता.

पावलं ऐकून त्यांनी नकाशावर वर्तमानपत्र ओढलं. मग वर पाहिलं. उदयला पाहिलं, मागे दाराशी उभ्या चैत्रालीला पाहिलं, उदयच्या हातातली फाइल पाहिली. वर्तमानपत्र होतं तसंच राहू दिलं.

"चैत्राली-चान मोठी झाली," ते म्हणाले.

"सव्वीस पूर्ण," ती म्हणाली आणि भिंतीशी खुर्चीत बसली.

उदयने पलंगाच्या कडेला बूड टेकवलं. मागच्या रविवारी तो इथे येऊन गेला होता. त्याच्या मागच्या रविवारीही. प्रत्येक वेळी त्याने या होमवाल्यांना मनसोक्त शिव्या घातल्या होत्या, आणि सुगिउरा-साननी शांतपणे मान डोलवत सगळं ऐकून घेतलं होतं. एकदा तर म्हणाले होते, "कडक आहेत खरे."

"थंडी आहे," उदय म्हणाला.

"हं. पण दिवस मोठा व्हायला लागला."

"हो."

खाली रस्त्यावरून रॉकेल विकणारा ट्रक त्याची धून वाजवत गेला. दोघांनी तो लांब जाईपर्यंत ऐकला. उदयने घसा साफ केला. जन्मात केली नव्हती अशी गोष्ट तो आता करणार होता. तो आडून बोलणार होता.

"गाडीची बॅटरी," तो म्हणाला, "फार दिवस वाट बघू शकत नाही."

सुगिउरा-साननी विचार केला.

"तारा सोडवून घरात ठेवायची. महिन्यातून एकदा चार्ज करायची."

भिंतीशी चैत्राली खोकल्यासारखं काहीतरी करून खिडकीबाहेर बघायला लागली.

उदयने पुन्हा प्रयत्न केला. "शेड आता खूप चांगली झालीय. एकट्या माणसाला मोठी वाटते."

"मोठी बरी. सामान मावतं."

"सुगिउरा-सान."

"हं."

"मुद्दा बारा वाचला मी. बेंचखाली पाय ठेवायला फळी. तीही माझ्यासाठीच."

म्हातारा आपल्या हातांकडे बघत राहिला. रुंद, चपटे पंजे होते ते, बोटांची टोकं गुळगुळीत झालेली. त्यांनी पट्टी वर्तमानपत्राच्या कडेला सरळ लावून ठेवली.

"आणखी तीन मुद्दे आहेत," ते म्हणाले. "छताचं राहिलंय. पत्र्याच्या आत पाणी धरतं, ते उन्हाळ्यात कळेल. मग पावसाळ्यात बघावं लागेल."

"म्हणजे चालू वर्ष गेलं."

"तपासणीला घाई चालत नाही. मुद्दे संपले, की गाडी पास." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "पास झालेली गाडी मग फाटकातून बाहेर जाते. आपलं काम संपलं."

बोलता बोलता त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, आणि बराच वेळ तिकडेच पाहिलं. पार्किंगमध्ये एकही माणूस नव्हता.

उदय उठला. टेबलापाशी गेला आणि त्याने वर्तमानपत्र बाजूला केलं. सुगिउरा-साननी अडवलं नाही. नकाशाखाली एक कोरा, आखून ठेवलेला कागद होता. पाच रकाने. उदयने तो ओढून घेतला, पेन्सिल घेतली, आणि उभ्याउभ्याच वाकून लिहू लागला. जपानी लिहिताना त्याला नेहमी वेळ लागे. अक्षरं शाळकरी पोरासारखी, कुठे मोठी कुठे बारीक, रकान्याच्या रेघेवर चढलेली. एका अक्षरापाशी तो अडला.

"चैत्राली, 'तपासनीस' कसं लिहायचं?"

ती सांगायला उठली, पण सुगिउरा-साननी आधीच हात पुढे करून कागदाच्या कोपऱ्यात ते काढून दाखवलं होतं. उदयने बघून उतरवलं.

क्रमांक: तेरा. मुद्दा: तपासनीस जागेवर हजर नाही. उपाय: डॉक्टरांना विचारणे. मुदत: येता सोमवार.

त्याने कागद फिरवला आणि म्हाताऱ्यासमोर सरळ ठेवला. सुगिउरा-साननी भिंग उचललं. मुद्द्यावरून ते डावीकडून उजवीकडे गेले, मग परत आले. एका ठिकाणी थांबले. पेन्सिल मागून घेतली आणि 'हजर'मधली सुटलेली एक रेघ भरली. पुढे गेले. शेवटच्या रकान्यापाशी भिंग थांबलं. तो रकाना कोरा होता.

"मी नंतर..." ते म्हणाले.

"नंतर नाही. कोरा रकाना असलेला कागद तुम्ही एक्केचाळीस वर्षांत कोणाकडून घेतला होता का?"

पेन्सिल सुगिउरा-सानच्या बोटांत होती.

"छताचं उन्हाळ्यात बघू. पावसाळ्याचं पावसाळ्यात. दुसरी गाडी आणू, मोडकी, हवी तेवढी मोडकी." उदयने पेन्सिलीचं टोक धरून रकान्यावर आणून ठेवलं. "पण हे आत्ता. आडून नको, पक्षी नको, हवापाणी नको. येणार की नाही? हो की नाही, ते लिहा."